मावळतीच्या बुरजाची माती

घरी बसून शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काही केलं असेल, तर टोपल्या शेणानं लिंपल्या. गेल्या वैशाखातली गोष्ट. गढीची पांढरी माती पिठासारखी असते, लिंपल्याशिवाय टोपलीतून वाटभर सांडते. मी टोपली फिरवत होतो, बायको आतून बोटं ओढत होती.

"हळू फिरवा की वो, कुंभाराचं चाक हाय का ते?" म्हणाली.

घरावरचं मातीचं माळवद गळत होतं. धाकटी लेक आषाढात बाळंतपणाला येणार आणि तिला निजवायला मधली एकच खोली. पांढरी माती वर पसरून चोपली की पाणी झिरपत नाही. मृगाच्या आत ती पडली नाही तर बाळंतीण ओल्यात. बायकोला दुसरं काही सुचतच नव्हतं.

आमच्या गावात ती माती गढीशिवाय कुठं नाही. गढी किती जुनी, सांगणारा कुणी उरला नाही. चार बुरूज. उगवतीच्या बुरजावर देशमुखाची खिडकी, तिथून हाकलतात. उत्तरेच्या बुरजाखाली पीर आहे, तिथली माती हिंदूही नेत नाही, मुसलमानही नेत नाही. दक्षिणेच्या मातीत निम्मा मुरूम. राहिला मावळतीचा. तिथली माती दुधासारखी, म्हणून सगळा गाव तिथंच खणतो. खणून खणून खाली गुहा झाली होती.

त्यात गढीच्या दारात निजामाच्या ठाण्याचा जवान. माती नेताना दिसला की आईबहीण काढायचा. फक्त ताडकळसच्या बाजारादिवशी तो जागेवर नसायचा.

"दक्षिणेला जाऊ," मी म्हणालो. "मुरूम तर मुरूम. अंगावर तर यायचं न्हाई."

"मुरमाचं माळवद म्हंजी चाळण. लेकीला निजवायचंय का भिजवायचंय?"

"मावळतीचा कडा लोंबायलाय. बघितलास न्हवं?"

"दर साली लोंबायलाय. म्या काय तिथं बिऱ्हाड करायलेय? दिवस उगवता जायचं, ऊन तापायच्या आत घरी."

तिचं बोलणं वेडं नव्हतं. तापली की ती माती सुटते, सकाळी घट्ट असते, हे सगळ्यांनाच ठाऊक. मी मान हलवली. बाजाराचा दिवस, सकाळची वेळ, मावळतीचा बुरूज, असं ठरलं.

बाजारादिवशी गेलो. मी कुदळीनं माती पाडली, तिनं टोपली भरली. ती डोक्यावर घेऊन मी घरी आलो, ओट्यापाशी ओतली. परत गेलो तर बुरजाखाली नुसता धुरळा. शेजारचा शेतकरी फावडं घेऊन माझ्या पुढं पळत होता. त्यानं, मी, आणखी चारदोघांनी उपसलं. फावडं लागेल म्हणून शेवटी हातानं उपसलं. तोंड निघालं ते पापण्यांसकट पांढरं. दुसरी टोपली तिनं भरत आणली होती. हात टोपलीच्या काठावरच होता.

आम्ही लिंगायत. जाळत नाही, बसवून पुरतो. संध्याकाळी शेतात खड्डा घेतला, हातात तिचं इष्टलिंग दिलं, कपाळाला विभूती लावली. जंगमस्वामी म्हणाले, "आप्पा, माती द्या."

"गढीनं दिली की," मी म्हणालो. "अजून किती द्यायची?"

 मग मी मूठभर दिली. काळी, आमच्या शेतातली.

परतताना शेजारी म्हणाला, "आप्पा, आता धा दिस कुठं भायेर पडू नका." त्यांच्यात सुतक असतं. आमच्यात नसतं. तेव्हा बसून राहायला मला निमित्तसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली घेऊन गढीवर गेलो. बाजार नव्हता. जवान दारातच पाय पसरून बसला होता.

"क्यूं बुढ्ढे, आज भी?"

"आज बी," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पाय आखडून घेतले.

तिच्या अंगावरून उपसलेली माती तिथंच ढीग होऊन पडली होती. खणायचं काम नव्हतं. टोपली भरून आणली आणि शिडी लावली, तेवढ्यात शेजारी आला.

"आप्पा, ही माती घरावर नका घालू. माझी गाडी घ्या, दुसरीकडली आणू."

"का? माती वाईट न्हाई. तिनं पारखून घेतलीय."

त्यानं शिडी धरली. मी वर चढलो, मधल्या खोलीवर टोपली ओतली, हातानं पसरली. खडे वेचून काढले. ते काम तिचं असायचं, म्हणून मला वेळ लागला. टोपली रिकामी झाली तेव्हा आत तिच्या बोटांचे फराटे तसेच वाळलेले होते.

मग उतरलो आणि पुढची टोपली आणायला गेलो.