विमानाचा सायलेन्सर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आर्वीत चाळीसेक वर्षं ट्रॅक्टरचे सायलेन्सर बनवले, एवढीच माझी विद्या. बायको गेली त्याला दोन पोळे उलटले. तेव्हापासून वर्कशॉपचं शटर उघडायचो, पण कामाला हात लावत नव्हतो. खुर्चीवर बसून रस्ता पाहायचो.

एका सकाळी रोहण्याकडचा एक जण आला. कापडाचं दुकान असलेल्या घरातला, पन्नाशीचा.

"काका, चार पाइपांचा सायलेन्सर पाह्यजे."

"कोणत्या ट्रॅक्टरचा?"

"विमानाचा."

"सकाळीच पिऊन आला का बे?"

तो हसला आणि मला गाडीवर बसवून शेतावर घेऊन गेला.

कापूस ठेवायच्या टिनाच्या शेडमध्ये विमान उभं होतं. खरंखुरं, दोन माणसांचं. एकेक रिबीट त्यानं स्वतः ठोकलेली. मी पंखाला बोट लावलं. तेलाच्या डब्यासारखा पातळ पत्रा. हा पत्रा माणसाला वर नेणार! मी चपला काढल्या. काऊन काढल्या, मलाच माहीत नाही.

तो म्हणाला, "पाइप फुटला तर धूर माह्या बसायच्या जागी येते. त्यातल्या विषाले वास नसते, काका. माणसाले झोप लागते, अन् तो तर वर आभाळात. म्हणून तुमच्याकडं आलो."

मी हो म्हणालो.

पातळ पाइप वाकवताना चपटा होतो. म्हणून आम्ही त्यात भाजलेली कोरडी वाळू ठोकून भरतो, दोन्ही तोंडं लाकडी खुंटीनं बंद करतो आणि गॅसवर लाल करून वाकवतो. वाळू भरायचं काम बायकोचं होतं. हातोडीनं टकटक करायची, कान लावायची आणि म्हणायची, "थांबा, अजून पोकळ बोलून राह्यला." मला तो आवाज कधी कळलाच नाही. म्हणून या वेळी दुप्पट वेळ ठोकत बसलो. पाइप गोल वाकले. त्या दिवशी मी जेवलो नाही.

त्यानं कागदावर नकाशा दिला होता. त्यात दोन जोडांवर वेल्डिंगची खूण नव्हती, एक पाइप दुसऱ्यात नुसता सरकवलेला. मला वाटलं, बिचारा विसरला. आमच्या धंद्यात उघडा जोड म्हणजे कारागिराची इज्जत गेली. त्याला न विचारता दोन्ही जोड भरून टाकले, वरून ग्राइंडर मारून चकाचक केले.

सायलेन्सर इंजिनाला बसवला, विमानाची शेपटी दोरानं ट्रॅक्टरला बांधली आणि इंजिन चालू केलं. थोड्या वेळात टक्क झालं. त्यानं इंजिन बंद केलं. जोडाशेजारी केसासारखी भेग.

"काका, जोड काऊन भरले?"

"तू विसरला म्हणून."

"विसरलो नाई. गरम झाला की पाइप लांब होते. त्याले सरकाले जागा ठेवलती."

चाळीस वर्षं ट्रॅक्टरचे सायलेन्सर जोडापाशीच फुटून परत यायचे, आणि दर वेळी मी वेल्डिंगचा आणखी जाड टाका मारायचो. वर आभाळात हा माणूस मीच मारला असता.

"दुसरा बनवतो," म्हणालो.

पुन्हा वाळू, पुन्हा गॅस. जोड मोकळे ठेवले, निसटू नयेत म्हणून वरून स्प्रिंगा लावल्या. दुसऱ्या वेळी त्यानं इंजिन पूर्ण वाढवलं. मागची तूर जमिनीला टेकली. माझी टोपी शेताच्या धुऱ्यापार, बांधापलीकडं गेली. एवढंसं ते विमान दोर ताणून पुढं जाऊ पाहत होतं आणि ब्रेक लावलेला ट्रॅक्टर त्याच्यामागं हलत होता. मी वाकून पाहिलं. पाइप कुंकवासारखे लाल झाले होते आणि जोड माझ्या डोळ्यांदेखत नखभर सरकला. माझ्या हातचं लोखंड, आणि मी ते आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

इंजिन थांबल्यावर तो उडी मारून खाली आला. "झालं ना, काका?"

"थांब. थंड होऊ दे."

पाइपांना हात लावता आला तेव्हा आरसा आणि टॉर्च घेऊन खाली निजलो. एकेक टाका पाहिला. भेग नव्हती. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नव्हती.

"सरकारची परवानगी आली की उडजो," मी खालूनच म्हणालो. "पण पहिले मले बोलावजो. मी पाहीन, मगच."