आधी तुझें म्हणणें

कुणी त्यांच्या मताविरुद्ध बोलू लागलं की अक्का चष्मा काढायच्या. घाई नाही. आधी उजवी काडी, मग डावी. चष्मा घडी करून टेबलावर ठेवायच्या आणि समोरच्या धुक्याकडे पाहत ऐकत बसायच्या. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "कपाळ दिसलें कीं कान बंद होतो, बाळ."

कुंभकोणमला चार दिवस राहिलेल्या माणसालाही याचा अर्थ सांगावा लागणार नाही. इथे कपाळ पुष्कळ बोलतं. भस्माचे आडवे पट्टे, वैष्णवांचं उभं नाम, कुंकवाचा ठिपका, आणि ठरवून कोरं ठेवलेलं कपाळ. राहिलेलं वेष्टीचा, इकडच्या धोतराचा, रंगीत काठ सांगतो, कारण काठावरून पक्ष कळतो. माणसानं तोंड उघडण्याआधीच आपण त्याचं सगळं ऐकून मोकळे झालेलो असतो.

मी सोलापूरची. नवऱ्याला आडुतुरैला भातावर संशोधन करायची नोकरी लागली, म्हणून आम्ही इकडे आलो आणि मी कुंभकोणमच्या एका शाळेत गणित शिकवू लागले. त्या तिथे अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून मीही. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी दरबारात कारकून होते. बाहेर त्या तमिळ बोलत आणि घरात मराठी, आणि ते मराठी असं की कुणी फार लांबून, दोन-तीन शतकांच्या पलीकडून हाक मारतंय असं वाटावं. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "कांहीं कळलें नाहीं तर मज पुस हो." मी फडकं शोधू लागले. त्यांच्याकडे पुसणं म्हणजे विचारणं, हे कळल्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारचे तमिळचे सर उठून बाहेर गेले.

त्यांची दुसरी सवय मात्र सगळ्यांना सोसत नसे. उत्तर देण्याआधी त्या समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या तोंडून म्हणून दाखवायच्या. "तुझें म्हणणें आधी मी म्हणतें. चुकलें तर सांग." आणि म्हणायच्या तेही नीट, जीव ओतून, त्यानं मांडलं असेल त्याहून चांगलं. त्यानं मान हलवली की मगच "आतां माझें ऐक." यात चहा निवायचा. मीटिंगमध्ये अक्कांना मत विचारायचं नाही, असा शिक्षकांचा मूक ठरावच होता.

घरी त्या आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघंच. दोघांची मतं दोन टोकांच्या पक्षांना जायची. मतदानाच्या दिवशी मात्र दोघं एकाच रिक्षातून जात. भाऊ दरवेळी म्हणत, "दोघेही घरीं बसलों तरी निकाल तोच." त्यावर अक्का म्हणत, "निकाल तोच. पण आधी बसणार कोण?" मग दोघं चपला घालून निघत.

माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता. मध्ये लाकडी पडदी. जेवणानंतरच्या तासाला सगळं गाव पेंगत असे. खिडकीतून नारळाच्या झावळ्यांची सावली फरशीवर हलायची, लांब कुठेतरी कुणी नागस्वराचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोटत असायचं, माझी मुलं माना खाली घालून उदाहरणं सोडवायची, आणि पडदीपलीकडून अक्कांचा आवाज येत राहायचा. शब्द सगळे कळायचे नाहीत. विहिरीच्या तळाशी कुणी बोलत असावं तसं ते ऐकू यायचं. त्या तासाला मी कितीदा हातात खडू धरून नुसती उभी राहिले असेन.

अशाच एका दुपारी पलीकडे एका मुलीचा आवाज चढला, आणि शब्द स्पष्ट ऐकू येऊ लागले. आवाज मी ओळखला. गणितात हुशार, वर्गात अबोल मुलगी. विषय धर्मस्वातंत्र्याचा चालला असावा. ती म्हणत होती की महिन्यातले तीन दिवस तिला देवघराकडे फिरकू देत नाहीत. मला न पाहताही दिसलं, आधी उजवी काडी, मग डावी. आणि अक्कांनी ते तिच्याहून स्वच्छ शब्दांत मांडलं, "देवाला बाईच्या शरीराचा विटाळ होत असेल, तर त्यानं ते घडवलंच कशाला? असा देव मला नको." लगेच विचारलं, "असंच ना?" मुलगी हो म्हणाली. मग एक मुलगा उठला. त्याची आजी त्या तीन दिवसांना विश्रांती म्हणते, असं काहीसं तो सांगू लागला. त्याचंही म्हणणं अक्कांनी तितक्याच प्रेमानं म्हणून दाखवलं. तास संपला.

दोन दिवसांनी ती दोन वाक्यं गावभर फिरत होती. वर्गात कुणीतरी फोनवर टिपलेली, "असंच ना?" च्या आधी तोडलेली. देव नको म्हणणारी टीचर. प्रिन्सिपलांच्या खोलीत सात-आठ पालक आले आणि अक्कांना बोलावणं गेलं. सगळ्यांत पुढे होते त्या मुलीचे वडील. विड्याच्या पानांचे व्यापारी, कपाळावर ठसठशीत गंध, आवाज चढलेला. अशी बाई माझ्या मुलीला काय शिकवणार, असं ते विचारत होते.

शेजारच्या वर्गात होते म्हणून मलाही बोलावलं होतं. मी म्हणाले की अक्का नेहमीच दोन्ही बाजू मांडतात, हे दुसऱ्याचं म्हणणं होतं. वडील माझ्याकडे वळले. "दुसऱ्याचं म्हणजे कुणाचं?"

माझ्या तोंडाशी नाव आलं होतं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "आवाज माझा आहे," त्या शांतपणे तमिळमध्ये म्हणाल्या. "जबाबदारी माझी. दुसरं नाव यात नाही."

मी बाहेर आल्यावर त्यांच्यावर चिडले. दर शनिवारी जवळच्या मरुदानल्लूरच्या मठात भजनाला जाणारी ही बाई, घरातल्या विठोबाला दाखवल्याशिवाय पाणी न पिणारी. एवढं सांगितलं असतं तरी पालक वरमले असते. त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी भक्त आहें म्हणून सुटावें? मग जो भक्त नाहीं, त्यानें काय सांगून सुटावें?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

त्यांचे तास काढून घेतले आणि त्यांना ग्रंथालयात बसवलं. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. त्या पुस्तकांना कव्हरं घालत बसत. बोलत कमी. त्यांना लागलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. एकदा पडदीपलीकडून नव्या शिक्षकांचा एकसुरी आवाज येत होता, तेव्हा त्या व्हरांड्यात थांबून, डोळे मिटून तो ऐकत उभ्या असलेल्या मला दिसल्या. मला पाहताच पुढे निघून गेल्या.

सहामाही परीक्षेच्या सुमारास ते वडील ग्रंथालयात आले. मी तिथेच पेपर तपासत होते. ते उभेच राहिले. ते म्हणणं आपलं होतं, असं मुलीनं घरी सांगितलं, म्हणाले. स्वतःहून. तीन महिने तिला झोप नव्हती. मग म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही फार रागात होतात," अक्का म्हणाल्या. "तो राग घेऊन घरी मुलीपाशी गेला असतात."

ते बसले. माफी त्यांनी मागितली नाही, आणि माझ्या मते अक्कांना ती अपेक्षितही नव्हती. मुलगी चुकतेय, रीत ती रीत, असंच ते म्हणत राहिले. अक्का ऐकत राहिल्या. पण जाताना त्यांनी विचारलं, पुढच्या आठवड्यात आलो तर चालेल का?

ते येत राहिले. कधी पानांची जुडी आणायचे. प्रिन्सिपलांकडे जाऊन त्यांनी आपली तक्रार मागे घेतली. बाकीच्यांनी घेतली नाही, त्यामुळे तास काही अक्कांना परत मिळाले नाहीत. मुलगी पुढे चेन्नईला शिकायला गेली. तिच्या घरात देवघराचं काय ठरलं, हे मी कधी विचारलं नाही.

अक्का निवृत्त झाल्या, आणि पुढच्याच मार्गळी महिन्यात, पहाटे दारात पिठाची रांगोळी, कोलम, घालून आत आल्या आणि गेल्या. भाऊ म्हणाले, हाताला अजून पीठ होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी काही महिने, कावेरीच्या काठी. धरणातून पाणी सोडलं होतं आणि ते त्या दिवशी गावापर्यंत येणार होतं. महिनोन् महिने कोरड्या पडलेल्या पात्रात लोक उभे होते. पाणी आवाज न करता आलं. आधी नुसती ओली कड, वाळूवरून सरकणारी, पुढे फेसाची बारीक रेघ, काड्या, एक-दोन फुलं. अक्का आणि ते पानवाले वडील वाळूत उभे राहून वाद घालत होते. दोघांचेही हात हलत होते, शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हते. पाणी पायांशी आलं तशी दोघं बोलता बोलताच एक पाऊल मागे सरली. पाणी पुन्हा आलं. पुन्हा एक पाऊल. खाली पाहायला कुणालाच सवड नव्हती.