यादीतलं चौथं नाव

मी नांदेडला शाळेत कॉम्प्युटर शिकवते. वर्गात माझा आवाज चढतो, हे मला मान्य आहे. पण आईला काही सांगताना तो जेवढा चढतो, तेवढा चाळीस पोरांपुढंही चढत नाही. का, ते देव जाणे.

आई-तात्या लातूरला असतात. बारावीनंतर आईचं लग्न झालं आणि शिक्षण राहिलं ते राहिलंच. साठी ओलांडल्यावर तिनं एक दिवस जाहीर केलं, मी बाहेरून बी.ए. करणार. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला लॅपटॉप आणून दिला. दिवाळीला गेले तेव्हा मी सगळी जोडाजोड करून दिली. तात्यांचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर वर माडीवर, आईचा लॅपटॉप खाली स्वयंपाकघराशेजारी. दोन्ही एकाच वायफायवर आणले. खालून प्रिंट द्यायची, वर कागद निघायचा. कॉम्प्युटरला आणि प्रिंटरला काहीतरी नाव द्यावं लागतं, म्हणून तात्यांचं नाव टाकून मोकळी झाले. तिथंच माती खाल्ली, पण ते कळायला परीक्षा उजाडावी लागली.

पहिल्या पेपरच्या सकाळी साडेआठला आईचा फोन आला. "हॉलतिकीट निघंना गं."

पेपर अकराला. छापलेलं हॉलतिकीट हातात नसेल तर आत सोडत नाहीत. कोपऱ्यावरचं झेरॉक्सवालं दुकान दहाच्या पुढं उघडतं आणि सेंटर गावाच्या दुसऱ्या टोकाला. तात्या पहिल्या एसटीनं रेणापूरला शेतावर गेलेले, तिथं त्यांच्या फोनला रेंज नाही. व्हिडिओ कॉल लावून पाहिला, तर मला नुसता पंखा दिसत होता. मग साध्या फोनवरच आमची लढाई सुरू झाली.

"प्रिंट दाबलंस का?"

"दाबलं की. झालं म्हणून सांगायलंय. कागद कुठंय?"

"प्रिंटरची यादी उघड आणि एकेक वाच."

"पीडीएफ म्हणतंय. फॅक्स म्हणतंय. तिसरं कायतरी लांबलचक इंग्रजी हाय."

"अजून?"

"बस."

म्हणजे प्रिंटर यादीतून गायब. मी मास्तरीण झाले. राऊटर बंद कर, चालू कर. वर जा, कॉम्प्युटर चालू आहे का बघ. खाली ये, यादी वाच. पुन्हा तीच तीन नावं. पुन्हा वर, प्रिंटरची वायर काढून लाव. खाली ये, परत वर, कागद भरलेत का बघ. तिचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं, तरी तीनदा जिना चढायला लावला. तिसऱ्या खेपेला धापा टाकत ती म्हणाली, "तू शाळेत पण अशीच खेकसतीस का गं लेकरांवर?"

सव्वानऊ झाले. मग ती एकदम हळू आवाजात बोलली. "जाऊ दे बाई. पुढच्या साली बघू. आपल्या नशिबातच न्हाई ते."

वर्षभर पहाटे उठून हिनं नोट्स काढल्या, आणि मी तिच्यावर ओरडत बसले होते. स्वतःचीच लाज वाटली. आवाज खाली आणून म्हटलं, "आई, शेवटचं. स्क्रीनवर जे जे दिसतं ते सगळं सांग."

"पीडीएफ. फॅक्स. ते लांबलचक." ती थांबली. "आणि ते."

"ते म्हणजे?"

"ते गं. ह्यांचं."

मी कपाळावर हात मारला. बेचाळीस वर्षांच्या संसारात आईनं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. रेशनच्या दुकानात कुणी पूर्ण नाव विचारलं की ती मला पुढं ढकलायची. आणि मी दीडशहाणी, तेच नाव तिच्या यादीत चौथं ठेवून आले होते. ते तिला पहिल्यापासून दिसत होतं. फक्त वाचलं नव्हतं.

"अगं मग त्यावर दाबायचं ना."

"त्यांचं हाय ते. माझं कसं छापंल?"

ह्यावर चिडायला हवं होतं, पण मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. वर अंगात खोडी शिरली. म्हटलं, "आता नाव घे, त्याशिवाय छापणार नाही ते."

"बया, येळ काय आणि तुझं काय चालू हाय," असं म्हणाली खरी, पण पुटपुटायला लागली. ती उखाणा जुळवत होती. मग घसा साफ करून, हळदीकुंकवाला म्हणतात तशा सुरात म्हणाली,

"माडीवर प्रिंटर, खाली माझा लॅपटॉप,
…रावांचं नाव घेते, आता तरी छाप."

आणि दाबलं. वर घरघर सुरू झाली, ती मला नांदेडपर्यंत ऐकू आली. चौथ्यांदा जिना चढताना तिनं गुडघ्याचं नावही काढलं नाही. "आलं गं बाई, आलं. फोटोत लई बावळट दिसायलेय मी." रिक्षा करून ती साडेदहाच्या आत सेंटरवर पोचली.

आई पहिल्या वर्षाला पास झाली. निकालाच्या दिवशी तात्यांनी काय करावं? मला विचारून विचारून, स्वतःच्या हातानं कॉम्प्युटरचं आणि प्रिंटरचं नाव बदललं. आईचं नाव टाकलं. "शिकायलीय ती, मग तिचंच नाव पाहिजे," म्हणाले.

चार दिवसांनी त्यांचाच फोन. खाली लॅपटॉपवरून आईच्या दुसऱ्या वर्षाचा फॉर्म छापायचा होता.

"ते दिसंना."

"ते म्हणजे?"

"ते गं. तुझ्या आईचं."

तात्यांनीही आईला कधी नावानं हाक मारलेली नाही. "अगं", "ऐकलं का", फार तर माझ्याकडं बोट करून "हिची आई". मी म्हटलं, "तात्या, नीट नाव घ्या, तरच मला कळेल."

बराच वेळ नुसतं खाकरणं ऐकू आलं. मग त्यांनी नाव घेतलं, जरा मोठ्यानंच. आणि लगेच मागून, स्वयंपाकघरातून, आईचा आवाज आला, "ओ."



मग तात्यांनी पुन्हा एकदा हाक मारली. ह्या वेळी काही काम नव्हतं.