चार तारे, पाच तारे आणि ऑपरेटर जाधव

आमच्या दुकानात बिघडलेला माल टाकायला एक खोकं होतं. वाकडी अक्षरं, उलटे शिवलेले बिल्ले, चुकलेल्या पाट्या, सगळं त्यात जायचं. प्रत्येक तुकड्यामागे एक किस्सा! वर्षाअखेर खोकं उपसलं की निम्मं दुकानाचं निघायचं आणि निम्मं माझ्या एकट्याचं.

दुकान होतं बहारीनला, जुफेरमध्ये, अमेरिकन नेव्हीच्या तळापासून चालत दहा मिनिटांवर. युनिफॉर्मवरचं भरतकाम आणि पितळी पाट्या हा धंदा. मालक पारकरचाचा, रत्नागिरीचे. मी महाडचा जाधव, मशीन ऑपरेटर. नव्वदच्या दशकातली गोष्ट.

* * *

इंटरव्ह्यूत चाचांनी विचारलं, "अमेरिकन नेव्हीत सगळ्यात मोठा हुद्दा कुठला?"

मी ठणकावून सांगितलं, "जनरल!"

चाचा चष्म्यावरून बघत राहिले. "मग अ‍ॅडमिरल कोण? मासळीचा ठेकेदार?"

तरी नोकरी मलाच मिळाली. कारण माझ्याआधी आलेला मुलगा म्हणाला होता, "कॅप्टन." चाचांच्या मते माझी चूक निदान भव्य होती.

* * *

पुढे तळावरचा एक वयस्क नौसैनिक आमचं कायमचं गिऱ्हाईक झाला. हुद्द्याने चीफ, म्हणून सगळे त्याला चीफच म्हणायचे. चहा आला की तो जुन्या गोष्टी सांगायचा.

एकदा म्हणाला, "सुरुवातीची कित्येक वर्षं आमच्याकडे अ‍ॅडमिरलच नव्हता. त्या शब्दाला राजेशाहीचा वास येतो म्हणून आमच्या लोकांना तो नको होता. यादवी युद्धापर्यंत नेव्हीत सगळ्यात वरचा हुद्दा कॅप्टन!"

चाचांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"जाधवा, तो दुसरा मुलगा कुठे असेल रे आता?"

* * *

अ‍ॅडमिरल लोकांतला पहिला, एक तारेवाला हुद्दा म्हणजे 'रिअर अ‍ॅडमिरल, लोअर हाफ'. हे नाव ज्याने ठेवलं त्याने मला विचारायला हवं होतं.

पाटीची ऑर्डर फोनवर आली. मी लिहून घेतलं: रिअर अ‍ॅडमिरल. लोअर हाफ. म्हटलं, गिऱ्हाइकाची आवड! सगळा मजकूर पाटीच्या खालच्या अर्ध्या भागात कोरला. वर वीतभर कोरं पितळ.

चीफने पाटी उलटसुलट करून बघितली. "वरचा भाग रिकामा का?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "प्रमोशन झालं की तिथे लिहू."

चीफ हसत हसत स्टुलावर बसला. म्हणाला, "हा हुद्दा मला तीस वर्षांत इतका सोपा करून कुणी सांगितला नव्हता!"

* * *

दुकानाचा परवाना ज्यांच्या नावावर होता ते बहारीनी स्पॉन्सर अबू खालिद एकदा टेबलावरच्या पाटीवरचं 'अ‍ॅडमिरल' वाचून म्हणाले, "हा आमचा शब्द. मुळात अमीर-अल-बहर. समुद्राचा सरदार."

मला केवढा आनंद! चीफ येताच मी छाती फुगवून सांगितलं, "तुमचा अ‍ॅडमिरल मूळचा इथलाच!"

चीफ गंभीरपणे म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. म्हणजे व्हिसा फक्त माझा बघावा लागेल."

* * *

आता मोठी चूक. पंच्याण्णवला इथे अमेरिकन नेव्हीचा 'पाचवा ताफा' उभा राहिला. एका पाहुण्या अ‍ॅडमिरलसाठी जॅकेटची ऑर्डर आली. समारंभ त्याच संध्याकाळी. मी हिशेब केला, पाचवा ताफा म्हणजे पाच तारे. एका ओळीत झकास भरले!

चीफ जॅकेट न्यायला आला आणि त्याचा चेहराच उतरला.

"साहेबांचे तारे चारच! नेव्हीत पाच तारे आजवर फक्त चौघांना मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी. त्यांतला एकही हयात नाही. असा हुद्दा द्यायचा तर आमच्या काँग्रेसला कायदा करावा लागतो."

चाचा थंडपणे म्हणाले, "आमच्या जाधवाने चहाच्या आधी केला."

"आणि ते तारे ओळीत नसतात, गोलात असतात!"

म्हणजे माझी चूकसुद्धा चुकली होती. हे काम गेलं तर तळावरची सगळीच कामं जाणार, हे चाचांच्या तोंडावर दिसत होतं. मी ब्लेडने एकेक टाका उसवायला घेतला. पाचवा तारा निघाला, पण कापडावर भोकं राहिली. शेवटी त्यांवर एक छोटं गलबत भरलं. रात्री चीफचा फोन आला. साहेबांना गलबत फार आवडलं होतं!

त्यानंतर मी अमेरिकन हुद्द्यांचा इतिहास पाठच केला. तिथून पुढे दुकानात येईल त्याला तो ऐकावा लागे.

* * *

एका सकाळी हाफ पँट घातलेला एक म्हातारा अमेरिकन साध्या कोटाचं बटण लावून घ्यायला आला. चाचा बँकेत गेले होते. मी त्याला बसवलं आणि सुरू झालो. एक तारा, दोन तारे, तीन, चार, पाच. पाच तारेवाला मरेपर्यंत रिटायर होत नाही, हेही सांगितलं.

"माझ्या बायकोला ते चाललं नसतं," तो म्हणाला.

पाच तारेवाल्यांच्याही आधी एकाच माणसासाठी 'अ‍ॅडमिरल ऑफ द नेव्ही' असा खास हुद्दा होता, तो पुन्हा कुणाला मिळाला नाही, हेही मी ऐकवलं. म्हातारा मन लावून ऐकत होता.

"तुम्हीपण नेव्हीत?" मी विचारलं.

"हो. पुढच्या महिन्यात रिटायर होतोय."

"प्रमोशन?"

"आता नाही व्हायचं."

मला वाईट वाटलं. मी त्याची समजूत काढली. त्याने माझा हात बराच वेळ हातात धरला, कोट उद्या न्यायला पाठवतो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी कोट न्यायला चीफ आला. कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये! चाचांनी विचारलं, "कोणाचा रे हा?"

चीफने चार बोटं वर केली.

चाचा हळूच माझ्याकडे वळले. "जाधवा, काल काय बोललास तू त्यांना?"

"काही नाही चाचा. म्हटलं, निराश होऊ नका. सहा वर्षं झाली, मीपण अजून ऑपरेटरच आहे."