दादाच्या इंजिनातला गाळ

दादाची पिकअप गल्लीत शिरली तेव्हा इंजिनातून टक टक टक असा आवाज येत होता. आमच्या यांनी हातातला पाना खाली ठेवला, कान दिला आणि हळूच म्हणाले, "कॅमशाफ्ट गेला." हे त्यांनी मला सांगितलं. दादा गाडीतून उतरून समोर उभा होता, त्याला नाही.

पांढुर्ण्यात आमचं छोटं गॅरेज आहे. पुढे टिनाचं शेड, मागे दोन खोल्या. हे मेकॅनिक आणि मी त्यांच्या हाताखाली. माझं माहेर मोहगावकडचं. तिथे दादाची संत्र्याची बाग आहे आणि बागेतला माल तो स्वतःच्या पिकअपने नागपूरला नेतो. माझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण गाडीचं काम त्याने यांच्याकडून कधी करून घेतलं नव्हतं. आमच्यात जावयाला काम सांगत नाहीत. जावयाला पाय धुवायला पाणी द्यायचं, ताटात आग्रहाने वाढायचं. त्याला गाडीखाली झोपवायचं म्हणजे काय? या वेळी मात्र दादाचा नाइलाज होता. संत्री तोडून झाली होती, ढीग झाडाखाली पडले होते आणि फाल्गुनातलं ऊन वाढत चाललं होतं. गाडी नागपूरपर्यंत पोचेल याचा भरवसा नव्हता.

"बाई, जवाईबापूले विचार, सांजेच्या आत होते का?" दादा मला म्हणाला. जवाईबापू दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

"दादाले सांग, पाहतो मी," हे म्हणाले.

मी दोघांकडेही पाहिलं आणि पान्यांचा डबा पुढे सरकवला. दोघांनाही एकमेकांचं ऐकू आलं होतं.

यांनी इंजिनाचं वरचं झाकण काढलं आणि मी वाकून पाहिलं. आत तेलाने चमकणारं लोखंड दिसायला हवं. तिथे सगळीकडे काळा, घट्ट थर बसला होता, कढईच्या बुडाला करपलेल्या गुळासारखा. बोटाने ओढला तर चिवट निघायचा. दादाने तेल कधी बदललंच नव्हतं. कमी झालं की वरून ओतायचं आणि चालवायचं. त्या गाळाने तेलाची भोकं बुजली, झडपा हलवणाऱ्या दांड्याला, कॅमशाफ्टला, तेल मिळेना, आणि तो घासून घासून संपला.

"तेल जरासं जुनं झालं वाटते," हे म्हणाले.

जरासं! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. दुसरं कुठलं गिऱ्हाईक असतं तर यांनी चांगलं फैलावर घेतलं असतं. पण समोर बायकोचा मोठा भाऊ. यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि कामाला लागले.

मला भीती इंजिनाची नव्हती. आई-बाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे एक दादाच उरला आहे. ते इंजिन आमच्या दारात कायमचं बंद पडलं असतं, तर जावयाने घालवलं असंच गावभर झालं असतं. दादा तोंडाने काही बोलला नसता. नुसतं येणं बंद केलं असतं. तो भांडणारा माणूस नाही, आणि न भांडणाऱ्या माणसाचा राग उतरवायचा तरी कसा?

जुना कॅमशाफ्ट निघाला. मी लाकडी पट्टीने वरचा गाळ खरवडत होते, हे भोकांत बोळे कोंबून ठेवत होते, कारण एकही ढेकूळ खाली गेलेलं चालत नाही. जुना दात घासायचा ब्रश, चिंध्या, पुन्हा पट्टी. हात कोपरापर्यंत काळे झाले. दादा शेडच्या दारात उभा राहून एकदा घड्याळ पाहायचा, एकदा रस्ता. दुपार टळली तेव्हा कुठे वरचा भाग लोखंडासारखा दिसायला लागला. नवा कॅमशाफ्ट बसला, झाकण लागलं, बॅटरीची तारही यांनी न आवळता नुसती टेकवून ठेवली. खालचं चेंबर, ज्यात तेल साठतं, ते अजून उघडायचं होतं. वर एवढा गाळ, तर खाली किती असेल?

"आता खालचंबी खोलतेत का?" दादाने मला विचारलं. "बाई, यायले सांग ना, डिझेल ओता अन् पाच मिनिटं चालू ठेवा. सारा गाळ पातळ होऊन निघून जाते. सगळेच तसं धुतेत."

मी यांच्याकडे पाहिलं. यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, यांच्याकडूनच शिकले होते. असं धुतलं की गाळ पातळ होत नाही, ढेकळं सुटतात आणि खालच्या जाळीत जाऊन बसतात. मग तेल वर चढत नाही. नवा कॅमशाफ्ट जळतो आणि मागोमाग सगळं इंजिन.

"हो दादा, तसंबी करतेत लोकं," हे म्हणाले.

आमच्या यांच्या बोलीत याचा अर्थ ‘नाही’ असा होतो. दादाने तो ‘हो’ असा घेतला. कोपऱ्यातला डिझेलचा कॅन त्याने स्वतःच उचलला, तेल ओतायचं बूच काढलं आणि ओतायला लागला. हे चिंधीला हात पुसत उभे राहिले. केव्हाच पुसून झालेले हात पुसत राहिले.

"अजी, बोला ना," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"दादाची गाडी आहे," हे म्हणाले.

दादा गाडीत चढला. दार लागलं. तो चावी फिरवणार हे मला काचेतून दिसलं. मी पळत गेले आणि बॅटरीची टेकवलेली तार उपटून हातात धरली. चावी फिरली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरली. दादाने खिडकीतून मान बाहेर काढली आणि माझ्या हातातली तार पाहिली.

"पागल झाली का तू? मले नागपूरले जाचं आहे!"

मग माझं मलाच आवरेना. "तुह्या गाडीचं तेल तू कधी बदललं नाही, दादा. हा सारा गाळ तुह्या हातचा आहे! आता चालू केली त सारे ढेकळं जाळीत बसतीन अन् इंजिन मरीन. यायले ठाऊक आहे हे. पण तू मोठा म्हणून हे बोलत नाहीत, अन् हे जावई म्हणून तू यायले पुसत नाहीस. तुमच्या दोघांच्या मानपानात माह्यं माहेर जाऊन राहिलं!"

शेजारचा पंक्चरवाला उठून उभा राहिला होता. दादाचं तोंड लाल झालं. तो माझ्याकडे पाहत होता, आणि मला वाटलं, गेलंच आता सगळं.

तेव्हा हे पुढे आले. दारावर हात ठेवून सरळ दादालाच म्हणाले, "दादा, खाली उतरा. चेंबर खोला लागते. सांज होईन, पण गाडी वाचते."

दादा उतरला. यांनी गाडीखाली जाऊन डिझेल काढलं, बोल्ट सोडले, चेंबर खाली घेतलं. तळात दोन बोटं गाळ होता. जाळी यांनी काढून दादाच्या तळहातावर ठेवली. तिची अर्ध्याहून जास्त भोकं आधीच बंद होती. दादाने ती उजेडाकडे धरून पाहिली. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या, चेंबरपाशी उकिडवा बसला आणि पट्टीने खरवडू लागला. दोघे समोरासमोर बसून काम करत होते. यांनी काही मागितलं की दादा द्यायचा. मी चिंध्या धुऊन आणत होते.

नवं तेल भरलं तेव्हा उन्हं उतरली होती. यांनी चावी फिरवली. इंजिन लागलं, पण समोरचा तेलाचा लाल दिवा जळतच राहिला. तेल वर चढलं नाही तर तो विझत नाही. हे एक हात वर करून ऐकत होते, दुसरा चावीवर. दादा खिडकीतून दिव्याकडे पाहत उभा. मी देवाचं नावसुद्धा घेऊ शकले नाही. दिवा विझला. टक टक गेली होती. इंजिन एकसारखं चालत होतं, आणि मला रडू फुटलं.

दादाने यांचा खांदा दाबला. "जवाईबापू, तुमी होते म्हणून वाचली." एवढं म्हणून तो गाडीत बसला आणि गेला. मी दारात उभी होते. येतो बाई, असं तो म्हणाला नाही.

माझं म्हणणं चूक होतं असं त्याने कधी म्हटलं नाही. पण बहिणीने जावयासमोर, चारचौघांत उणं काढलं, हे त्याला गिळता आलं नाही. उन्हाळ्यात यांना त्याचा फोन आला, पावसाळ्यात आला, मला मात्र नाही. हसून बोलायचे दोघं, मला आतपर्यंत ऐकू यायचं. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. दोन्ही एकदम.

भाऊबीजेला सकाळी पिकअपचा हॉर्न वाजला. मी ताट तयारच ठेवलं होतं. निरांजन लावून बाहेर आले तर गाडीतून दादाचा गडी उतरला.

"भाऊनं तेल बदलाले पाठवली," तो म्हणाला.

हे पाना घ्यायला वळले, पण मीच गाडीखाली गेले. बोल्ट सोडला आणि बोट तेलाच्या धारेत धरलं. काळं होतं, डिझेल गाडीचं असतंच, पण पातळ. बोटाला एक कण लागला नाही. मधल्या काळातही त्याने ते वेळेवर बदललं होतं. माझा शब्द त्याने खाली पडू दिला नव्हता.

"दादा बागेत आहे का?" मी खालूनच विचारलं.

"नाही जी, घरीच हायेत. रिकामेच हायेत आज."

मी बोल्ट आवळला, बाहेर येऊन नवं तेल ओतलं, बूच घट्ट लावलं. मग हात धुतले आणि ताट आत नेऊन ठेवलं.