मैत्रिणीचा तीन पानी लेख

मुलुंडच्या एका लहान इस्पितळात मी नुकतीच लागले होते, तेव्हा माझ्या मैत्रिणीचा लेख छापून आला. आम्ही एकाच बॅचच्या. ती पार्ल्याची, वडील डॉक्टर, अभ्यासाला वेगळी खोली. मी घाटकोपरच्या चाळीत, जिन्यावर बसून एमडी केलं. परीक्षेत मात्र कायम मी पुढे. आणि आता आमचे मोठे डॉक्टर सगळ्यांना तिचा लेख दाखवत होते.

लेखातली पद्धत अशी: हार्ट अटॅकचा पेशंट आला की वय, ब्लड प्रेशर, धाप, डायबेटिस यांना गुण द्यायचे. बेरीज जास्त, तर धोका जास्त. मॉनिटरच्या खाटा आमच्याकडे मोजक्याच. तिथे कुणाला ठेवायचं ते यावरून ठरवता येणार होतं.

"झकास काम केलंय पोरीनं," डॉक्टर म्हणाले. मी हसून मान डोलावली. आतून मात्र जळत होते.

थोड्याच दिवसांत भांडुपचे एक काका छातीत कळ येते म्हणून दाखल झाले. मूळचे मालवणकडचे, गिरणीतली नोकरी सुटल्यापासून घरीच. मी तिच्या पद्धतीनं गुण मांडायला बसले. ती चुकावी, एवढीच इच्छा होती. 'ब्लड प्रेशर कमी' याला सगळ्यात जास्त गुण. पण कमी म्हणजे किती? आल्याबरोबरचं, की नंतरचं? लेखात कुठेच नाही. एका हिशेबानं काका साध्या वॉर्डात, दुसऱ्यानं मॉनिटरवर. मी त्यांना मॉनिटरवर ठेवलं. दुपारी ठोके बिघडले; लगेच दिसलं म्हणून सावरता आलं. पुढे काका चालत घरी गेले.

रविवारी मी पार्ल्याला तिच्या घरी धडकले.

"बीपी कधीचं धरलंस?"

"आल्या आल्या घेतलेलं. बहुतेक."

"बहुतेक? आणि ईसीजी काढायच्या आधीच जे दगावले, ते पेशंट?"

"ते घेतले नाहीत गं. माहिती अर्धवट होती."

"अगं, तेच तर सगळ्यात आजारी! मग तसं लिहायचं ना!"

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. ती मात्र कपाळाला हात लावून बसली. "वाट लागली. तीन पानांत बसवताना मी हे सगळं उडवलं. तू बस ना माझ्याबरोबर, दोघी नीट लिहू."

"मला वेळ नाही," मी म्हणाले. वेळ होता. तिच्या नावाखाली माझं नाव नको होतं.

तिनं एकटीनं पुन्हा लिहिलं. कोण घेतले, कोण वगळले आणि का, बीपी कधी मोजलं, सगळं. नव्या पेशंटवर पद्धत तपासली, तर ती आधीइतकी चालली नाही. तेही तिनं स्वच्छ सांगितलं. त्यावर तिला दिल्लीला भाषणाचं बोलावणं आलं. आमचे डॉक्टर मला म्हणाले, "असं लिहायला शीक."

मी तो लेख कुठे फट सापडते का म्हणून दोनदा वाचला. सापडली नाही. तेव्हा तर पहिल्यापेक्षा जास्त जळले. पण पद्धतीवर किती भरवसा ठेवायचा ते आता कळत होतं; सोमवारपासून वॉर्डात तिचीच पद्धत वापरायला लागले.