नशा न करणारं तेल

माहेरी किस्से ऐकायला पाहुण्यांची वाट बघावी लागायची. सासरी ते घरातच पिकतात, तेही बारमाही. शुक्रवार पेठेतल्या या घरात लग्न होऊन आले तेव्हा मी बी. फार्म. होते, एका हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये नोकरीला होते, अजूनही आहे. घरच्यांच्या मते मी "गोळ्यांच्या दुकानात असते". गेले काही महिने आमच्याकडे विषय एकच, भांग आणि तिचे गुण. त्यावर माझं सोडून सगळ्यांचं मत घेऊन झालंय.

*

सुरुवात नानांनी केली. नाना म्हणजे सासऱ्यांचे चुलतभाऊ. जेऊरला असतात आणि रिटायर झाल्यापासून मोबाईलवर आयुर्वेद शिकतात. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, झोप येत नव्हती, तर नाना एक चिमुकली बाटली घेऊन आले. लेबलवर गांजाचं पान.

"नशेचं न्हाय बरं का हे. नशा करतंय ते येगळं, ह्यातलं येगळं. जिभंखाली चार थेंब."

हे खरं होतं. त्या झाडातलं टीएचसी डोक्यात चढतं, बाटलीत असतं ते सीबीडी चढत नाही. पण चढत नाही म्हणजे काहीच करत नाही, असं कुठंय? मामांच्या हृदयाची झडप बदललेली. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू. त्या गोळीचा निकाल यकृत लावतं आणि सीबीडी नेमकं तिथंच आडवं येतं. गोळी अंगात साठते, रक्त नको इतकं पातळ होतं.

आमच्याकडे नवी सून सासऱ्यांशी थेट बोलत नाही. मी आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं. आत्यांनी शेजारीच बसलेल्या मामांना सांगितलं, "अवो, ती म्हंती, गोळीसंगं हे चालत न्हाय."

"तिला म्हणावं, नाना काय येडा हाय व्हय?"

हा प्रश्न बी. फार्म.ला नव्हता.

*

नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तरी बोला. तो म्हणाला, "मी बोललो की वाद होतो. तू शांत आहेस, तुझं ऐकतील."

शेवटी एकदा जेवताना त्याने विषय काढला. मामा म्हणाले, "झाडपाल्यानं काय हुतंय?"

मी आत्यांच्या कानात म्हटलं, "धोतरापण झाडपालाच आहे." आत्यांनी ते मोठ्यानं पोचवलं.

"मग? म्हणून तर महादेवाला वाहत्यात."

विषय संपला. भाकरी वाढली.

*

दिरांचं प्रकरण त्याच सुमाराचं. महाशिवरात्रीला मित्राकडे त्यांनी भांगेची गोळी खाल्ली. अर्धा तास काही झालं नाही, म्हणून दुसरी खाल्ली. ओढलेलं लगेच चढतं, खाल्लेलं पोटातून, यकृतातून सावकाश फिरून येतं, आणि येताना जास्त कडक होऊन येतं. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं असतं, पण मला विचारलं नव्हतं.

दुपारी फोन आला. "वहिनी, मी श्वास घ्यायचा विसरलो तर?"

"विसरत नाही हो. ते आपोआप चालतं."

"न्हाय वहिनी, मी बघतोय ना. मी थांबलो की तो पण थांबतोय."

छाती धडधडतेय, तोंड कोरडं पडलंय, वेळ पुढं सरकत नाही. सगळं टीएचसीचं. म्हटलं, पाणी प्या, पडून राहा, उतरेल.

"मी झोपतो. पण श्वासाकडं तुमी बघा."

आणि फोन चालू ठेवून झोपले.

*

संध्याकाळी दीर घरी आले ते भुकेने वखवखून. भांगेने मेंदूला पोट रिकामं असल्याचा निरोप जात राहतो, पोट भरलेलं असलं तरी. चार कडक भाकरी आणि बरणीतली शेंगाचटणी तळापर्यंत गेली. आत्या दारात उभ्या राहून डोळे भरून बघत होत्या. एरवी दीर दीड भाकरीत उठतात.

हळूच मला म्हणाल्या, "काय गं, हे त्याला रोज देता येतंय का?"

*

मग आत्यांनी नानांकडून स्वतःसाठी वेगळी बाटली मागवली, गुडघ्याला. रोज संध्याकाळी मी मेडिकलमधून यायचे आणि अर्धा तास त्यांचा गुडघा चोळायचे. पंधरवड्यात फरक पडला. गल्लीभर सांगत सुटल्या, "लई गुणाचं तेल हाय."

माझे अंगठे अजून दुखतात.

*

इकडे मामांचे चार थेंब चालूच होते, आणि त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर काळेनिळे डाग. मी आत्यांना सांगितलं, रक्ताची टेस्ट करून घेऊ. आत्यांनी मामांना सांगितलं, मामांनी नानांना फोन लावला. नाना म्हणाले, "आतली घाण भायेर पडतीय, पडू दे."

एका सकाळी नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेचना. मी रिक्षा बोलावली. कोणाला न विचारता मामांचा हात धरला आणि थेंबांची बाटली पर्समध्ये टाकली. आत्या मागून आल्या. हॉस्पिटलात टेस्ट झाली, इंजेक्शन दिलं, दुपारी रक्त थांबलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात, हाच रक्तस्राव डोक्यात झाला असता तर?

मग मी पर्समधून काढून दिलेली बाटली त्यांनी उलटसुलट बघितली. "हे कोणी दिलं?"

आत्या मामांकडे बघायला लागल्या. मामा पंख्याकडे. भावाचं नाव कसं घेणार? पंख्याकडे बघतच म्हणाले, "सून औषधाच्याच लायनीत हाय आमची."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "अहो, तुम्ही फार्मसिस्ट ना? सीबीडी आणि रक्त पातळ करायची गोळी, एकत्र?" आणि यकृतापासून सुरू करून त्यांनी मला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. मी मान खाली घालून ऐकलं. "हो सर," म्हणाले.

परत येताना रिक्षात मधे आत्या, अलीकडे मी, पलीकडे नाकात बोळा घातलेले मामा. नवी पेठेतल्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा मामा आत्यांना म्हणाले, "त्या डॉक्टरला जे म्हाईत, ते हिला बी म्हाईत असंलच की. मग सांगायला काय झालं हुतं?"

आत्या माझ्याकडे वळल्या.

"ते इच्यारत्यात, सांगायला काय झालं हुतं?"